कावळ्यांचे वेळापत्रक

गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी घरांमध्ये राजकारणाखालोखाल वाद कशावरून झाला असेल, तर तो दिवसातून किती वेळा खावे यावरून. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोन वेळा ओळखा, त्याच दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही तोंडात घालू नका. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, हे श्रेयही ते मोकळेपणाने देत. ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे नेमके उलटे. दिवसाची सुरुवात चहाने करू नका, उठल्यावर लवकर काहीतरी खा, मग दर दोन तासांनी थोडे थोडे खात राहा, तूपभाताला घाबरू नका आणि झोपण्याच्या निदान दोन तास आधी जेवून घ्या. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका एका पंथाचे, मावशी दुसऱ्या. लग्नाच्या पंगतीत 'मी दीक्षित करतोय' एवढे म्हटले की जिलेबीचा आग्रह करणारा हात मागे जाई. आपल्या पाहुणचाराच्या परंपरेत हे आश्चर्यच म्हणायचे.

दोन्ही पंथांत वजन उतरल्याचे, साखर आटोक्यात आल्याचे दाखले होते आणि ते सांगणारी माणसे खोटे बोलत नव्हती. तरीही या वादात एक गृहीतक कुणी तपासले नाही. दोनदा जेवा म्हणणारा आणि दोन-दोन तासांनी खा म्हणणारा, दोघेही भुकेला शरीराचा प्रामाणिक निरोप मानतात. एकाच्या मते 'खऱ्या' भुकेची वाट पाहावी, दुसरीच्या मते भूक भडकू देऊ नये. पण भूक लागते म्हणजे शरीराला त्या घटकेला अन्न हवे असते, हे कशावरून? गेल्या पाव शतकातले संशोधन वेगळेच काही सांगते. पोटात कावळे ओरडतात ते बरेचसे वेळापत्रक पाहून ओरडतात, आणि ते वेळापत्रक आपण स्वतः क्वचितच लावलेले असते.

भूक म्हणजे रिकामे पोट, ही समजूत जुनी आहे आणि तिला एकदा प्रयोगशाळेचा शिक्काही मिळाला होता. १९१२ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी त्यांचे विद्यार्थी वॉशबर्न यांना रबरी फुगा गिळायला लावला, तो पोटात फुगवला आणि जठराच्या आकुंचनांचा आलेख काढला. वॉशबर्न भूक लागल्याची खूण करत तेव्हा जठर जोरात आकुंचन पावत असल्याचे दिसले. झाले, भूक म्हणजे जठराची कळ, असे ठरून गेले. पुढे आजारामुळे जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते असे दिसले, तेव्हा हा सिद्धांत डळमळीत झाला. पण त्याची जागा घेईल असे काही बराच काळ हाती नव्हते.

ते १९९९ मध्ये जपानमध्ये सापडले, आणि तेही दुसरेच काही शोधताना. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा वाढीच्या संप्रेरकाला चालना देणारा रेणू शोधत होते. तो मेंदूत सापडेल अशी अपेक्षा होती, सापडला उंदराच्या जठरात. त्याचे नाव घ्रेलिन. तो टोचला की प्राणी जास्त खातात, माणसेही जास्त खातात. दोन वर्षांनी अमेरिकेत सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाने काही निरोगी माणसांचे रक्त चोवीस तास ठरावीक अंतराने तपासले. प्रत्येक जेवणाच्या अगोदर घ्रेलिन जवळजवळ दुप्पट होई आणि जेवल्यावर तासाभरात तळाला जाई. न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण, तीन शिखरे. भुकेचे संप्रेरक अखेर सापडले असे वाटावे, असाच तो आलेख होता.

पण त्या आलेखात एक खोच होती. जेवणापूर्वी घ्रेलिन वाढले ते पोट रिकामे झाले म्हणून, की जेवणाची वेळ झाली म्हणून? याचा निवाडा करायचा तर माणसाला जेवू द्यायचेच नाही आणि काय होते ते पाहायचे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी ते केले. स्वयंसेवकांना ३३ तास उपाशी ठेवले. पोट रिकामे होत जाते तसे घ्रेलिन वाढतच जायला हवे होते. तसे झाले नाही. ते नेहमीच्या जेवणाच्या वेळांना वर चढले आणि घासभरही पोटात गेलेला नसताना आपोआप खाली आले. बैठक लांबली, जेवणाची वेळ टळली आणि तीन वाजता 'आता भूक मेली' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. दोन वाजता जो जीव कासावीस होत होता तो तीनला शांत, आणि या मधल्या तासात शरीराला एक कॅलरीही मिळालेली नसते. भूक ही निव्वळ तुटीची सूचना असती, तर ती अशी मेली नसती.

२००८ मध्ये रिचर्ड मॅटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला. जी माणसे एरवी दोन जेवणांत कमी अंतर ठेवतात आणि जी जास्त ठेवतात, त्यांचे घ्रेलिन कधी चढते? उत्तर असे, की ज्याच्या-त्याच्या सवयीच्या अंतरानुसार. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या रे सिल्व्हर यांच्या गटाने उंदरांवर दाखवून दिले की घ्रेलिन स्रवणाऱ्या जठरातल्या पेशींना स्वतःचे घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारापेक्षा अन्नाच्या वेळेवर लावले जाते. खरे तर याची चाहूल फार पूर्वी लागली होती. रोज एकाच वेळी खायला मिळणारे उंदीर ती वेळ जवळ आली की आधीपासूनच धावाधाव करू लागतात, हे कर्ट रिश्टर यांनी १९२२ मध्येच नोंदवले होते. गोठ्यातल्या म्हशीकडे पाहणाऱ्या कुणालाही त्यासाठी रिश्टरची गरज नव्हती.

घ्रेलिनला केवळ भुकेचे संप्रेरक म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ते अपेक्षेचेही संप्रेरक आहे. अन्न येण्यापूर्वी लाळ, जठररस, इन्सुलिन यांची तयारी व्हावी लागते. एकदम आलेला मोठा घास शरीराला पेलवत नाही, म्हणून ते अंदाज बांधते, आणि तो आधीच्या दिवसांवरून बांधते. मुंबईत डबेवाले १८९०पासून दुपारी डबे पोचवत आहेत. एकच्या सुमारास फोर्टमधल्या हजारो जठरांना एकदम भूक लागते ती त्या सगळ्यांची गंगाजळी एकाच मिनिटाला आटते म्हणून नव्हे. रोजे धरणारे लोक सांगतात की पहिले काही दिवस दुपार जड जाते, मग दुपारची भूक मंदावते आणि मगरिबच्या अजानीआधीचा अर्धा तास कठीण होतो. उपास नियमाने करणाऱ्या कुठल्याही आजीला हे ठाऊक असते. नियमाने न करणाऱ्याला मात्र एकादशीला सकाळी दहालाच भूक लागते.

आता दीक्षित-दिवेकर वादाकडे पुन्हा पाहू. 'तुमच्या खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखा' या सल्ल्याने माणूस जे ओळखतो ते त्याचे शरीर काय मागते हे नसून त्याच्या घराने वीस वर्षांत काय शिकवले हे असते. पुढे तीन-चार आठवडे तो त्याच दोन वेळांना जेवला की मधली शिखरे ओसरतात आणि तो सांगू लागतो, 'अहो, मला मध्ये भूकच लागत नाही.' दोन-दोन तासांनी खाणारीही काही आठवड्यांनी सांगते, 'मला आता पूर्वीसारखी खा-खा होत नाही.' दोघांचेही खरे आहे. दोघांनी आपापल्या कावळ्यांना नवे वेळापत्रक दिले आणि त्यांनी ते पाळले. या यशाचे स्पष्टीकरण म्हणून जी शास्त्रीय कारणे दिली गेली, ती मात्र लंगडी आहेत. काहीही खाल्ले की ठरावीक मापाचे इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या 'वेळा' मोजा, हे बरोबर नाही. काकडीच्या फोडीला आणि जिलेबीच्या वेटोळ्याला स्वादुपिंड सारखाच प्रतिसाद देत नाही. सतत थोडे थोडे खाल्ल्याने चयापचयाचा वेग वाढतो हेही टिकलेले नाही. एकूण कॅलरी सारख्या ठेवल्या की तीन जेवणांत आणि सहा जेवणांत तसा फरक उरत नाही. मला वाटते, दोन्ही पद्धतींनी जे साधले ते याहून साधे होते: चार वाजताच्या चहाबरोबरची खारी, टीव्हीसमोरचा चिवडा, येता-जाता उघडला जाणारा बिस्किटांचा डबा बंद झाला, आणि खाण्याला काही वेळ आली.

मग वेळ कुठलीही चालेल का? रात्री अकराला जेवायची सवय लावली तर शरीर अकराला तयार होईल, प्रश्न मिटला? इथे मात्र शिकवणीची हद्द लागते.

२०१३ मध्ये बॉस्टनच्या फ्रँक शीअर यांनी बारा माणसांना जवळजवळ दोन आठवडे मंद उजेडाच्या खोल्यांत ठेवले. बाहेरच्या दिवसरात्रीचा पत्ता नाही आणि झोपणे-जेवणे वीस तासांच्या कृत्रिम 'दिवसा'प्रमाणे. अशाने झोप, जेवण आणि शरीराचे मूळ घड्याळ यांची फारकत होते आणि घड्याळाचा वाटा वेगळा मोजता येतो. भुकेचा तळ सकाळी आठच्या सुमारास आणि शिखर रात्री आठच्या सुमारास आढळले, मधे काय खाल्ले याच्याशी संबंध नसताना. म्हणजे सकाळी 'मला काही नको, फक्त चहा' म्हणणारा मुलगा नाटक करत नसतो. रात्रभर काही खाल्लेले नसूनही पहाटेनंतर भूक सर्वांत कमी असते आणि दिवे लागल्यावर गोड, खारट, जड असे सगळे खावेसे वाटते. टंचाईच्या काळात याचा उपयोग असावा, अशी एक अटकळ आहे: रात्रीच्या लांब उपासाआधी साठा करून ठेवावा. पण संध्याकाळनंतर शरीर साखर हाताळण्यात सकाळपेक्षा कमी पडते. खावेसे सर्वांत जास्त वाटते तेव्हाच पचवण्याची तयारी ढिली, अशी ही विसंगती आहे. कंदिलाच्या काळात ती फारशी नडली नाही, कारण रॉकेल जाळून कोण अकरापर्यंत जागणार? न्याहारीला भाकरी, दुपारी शेतावर भाकरी आणि दिवेलागणीला जेवण हा दिवस गावाकडे अजून पुरता विसरला गेलेला नाही. जैन घरांत चौविहार पाळणारे तर सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यामागची कारणे धर्माची, अहिंसेची आहेत. संप्रेरकांचा त्यात हेतू शोधण्याची आपल्याकडची हौस मला नाही.

उशिरा खाल्ल्याने काय होते, हे शीअर यांच्याच गटातल्या निना वुयोविच यांनी २०२२ मध्ये फार काटेकोरपणे पाहिले. वजन जास्त असलेली सोळा माणसे. प्रत्येकाने दोन वेळापत्रके पाळली. जेवण तेच, कॅलरी त्याच, झोप तीच. एका वेळापत्रकात सगळी जेवणे सुमारे चार तास पुढे ढकललेली. उशिरा जेवताना भूक लागण्याची शक्यता दुप्पट झाली. पोट भरल्याचा, साठा पुरेसा असल्याचा निरोप देणारे लेप्टिन जागेपणीच्या तासांत घटले. जागेपणीचा ऊर्जेचा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. सोळा माणसे हा आकडा लहान आहे आणि प्रयोग काही दिवसांचा. तरी ताटात काहीही न बदलता केवळ घड्याळाचा काटा सरकवल्याने भूक बदलते, इतके त्यातून नक्की दिसते.

इथून पुढे मात्र उत्साही लोक उडी मारतात: म्हणजे लवकर जेवले की वजन उतरणार! थांबायला हवे. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. सर्वांना कॅलरी कमी करायला सांगितल्या. निम्म्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चारच्या आतच खायच्या होत्या. वर्षाअखेर या गटाचे वजन सरासरी ८ किलोने उतरले, वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलोने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला तीस माणसांना एकदा जड न्याहारी आणि हलके रात्रीचे जेवण, एकदा त्याच्या उलट, असे प्रत्येकी चार आठवडे दिले. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. पण सकाळी जास्त खाल्ले तेव्हा दिवसभर भूक कमी लागली. याउलट तेल अवीवला डॅनिएला याकुबोविच यांनी ९३ स्त्रियांना रोज १४०० कॅलरींचा आहार सांगितला. एका गटाला त्यातल्या ७०० न्याहारीला, दुसऱ्याला ७०० रात्री. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन ८.७ किलोने उतरले होते, दुसऱ्याचे ३.६ किलोने.

हे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. ॲबरडीनला सगळे अन्न संशोधकांनी तयार करून मोजून दिले होते. भूक लागली तरी जास्तीचे खायचा मार्ग फारसा नव्हता. तेल अवीवच्या स्त्रिया आपापल्या घरी, आपापल्या फ्रिजसमोर होत्या. जिला भूक कमी लागते तिचा हात कमी वेळा फ्रिजकडे जातो. वेळ चरबी जाळत नाही, वेळ भूक हलवते, आणि पुढचे काम भूक करते. असा अर्थ लावला तर दोन्ही आकडे एकाच घरात नांदू शकतात. हा माझा अर्थ आहे, त्या संशोधकांचा नव्हे.

ताटात काय आहे याचाही भुकेवर परिणाम होतो, पण त्यावर इतके लिहिले जाते की मी थोडक्यात उरकतो. कमिंग्ज यांच्याच गटाने दाखवले की कर्बोदके घ्रेलिनला झटकन खाली आणतात, पण काही तासांत ते उसळून आधीच्या पातळीच्याही वर जाते; प्रथिने त्याला जास्त वेळ दाबून ठेवतात; स्निग्ध पदार्थ सर्वांत कमी दाबतात. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण घडवणाऱ्याने घ्रेलिन मोजले नव्हते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि खिचडी खाऊन दोन तासांनी पुन्हा वरईच्या तांदळाकडे वळणारे हात त्याने पाहिले असणार. दाण्याचे कूट नसते तर उपास आणखी महागात पडला असता. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न हवे तितके खाऊ दिले. पहिल्यात माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. साध्या अन्नावर असताना तृप्तीचे पीवायवाय हे संप्रेरक वाढलेले आणि घ्रेलिन उतरलेले आढळले.

आणि एक गंमत, जी माझ्या मते गमतीपेक्षा जास्त आहे. येल विद्यापीठात आलिया क्रम यांनी ४६ जणांना ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक दोनदा पाजला. एकदा त्यावर चिठ्ठी होती '६२० कॅलरी, भरगच्च', दुसऱ्यांदा '१४० कॅलरी, हलका'. भरगच्च समजून प्यायल्यावर घ्रेलिन झपाट्याने उतरले. हलका समजून प्यायल्यावर जवळजवळ हललेच नाही. 'डाएट चिवडा' खाऊन समाधान का होत नाही, याचे उत्तर चिवड्यात शोधण्याआधी पाकिटावरच्या अक्षरांत शोधावे. आपण जेवलो, यावर जठराचा विश्वास बसावा लागतो. ताट-वाटी, पाणी, बसण्याची जागा हे सारे त्या विश्वासाचे साहित्य आहे. ते काढून घेऊन लॅपटॉपसमोर पोळीचा रोल दिला, तर कॅलरी तितक्याच जातील.

इथपर्यंतचे वाचून कुणाला वाटेल की मग सगळे सवयीचे आहे, मनाने ठरवा आणि सवय बदला. इच्छाशक्तीचा हा उपदेश जाड माणसांना आयुष्यभर ऐकावा लागतो, आणि तो अन्यायाचा आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांना लेप्टिन सापडले, तेव्हा चरबी ही नुसती कोठी नसून स्वतः निरोप पाठवणारी ग्रंथीही आहे, हे स्पष्ट झाले. साठा घटला की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याला दुष्काळ समजतो. ऑस्ट्रेलियात पन्नास माणसांचे वजन दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवून उतरवण्यात आले. त्यानंतर एक वर्ष उलटले तरी त्यांचे लेप्टिन कमी, घ्रेलिन जास्त आणि भूक पूर्वीपेक्षा तीव्र होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अँसेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना अर्धपोटी ठेवले होते. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. त्यांचे चारित्र्य खालावले होते असे कुणी म्हटले नाही. जेवणाची वेळ बदलून भुकेची शिखरे हलवता येतात. साठा घटल्याची मेंदूची धास्ती अशी हलवता येत नाही. आणि आपल्या बाबतीत ती जन्माआधीपासूनची गोष्ट असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय नवजात बाळे गोऱ्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या नाळेतल्या रक्तात लेप्टिन जवळजवळ तेवढेच आणि इन्सुलिन जास्त असते: दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेली. वर सांगितलेले प्रयोग बहुतेक परदेशी शरीरांवर झाले आहेत, हे लक्षात ठेवलेले बरे.

ही धास्ती दाबणारी औषधे आता आली आहेत. तृप्तीचे जीएलपी-१ हे संप्रेरक आतड्यातून निघते. त्याची नक्कल करणारे सेमाग्लुटाइड आणि त्याच जातीचे टिर्झेपटाइड वजनासाठी २०२५ पासून भारतात विकले जाऊ लागले. घेणारे सांगतात, डोक्यातला खाण्याचा सततचा गलका थांबला. ज्यांना गरज आहे त्यांनी ती जरूर घ्यावीत. औषधाला नैतिक पराभव समजण्याचे कारण नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांवर लक्ष ठेवले तेव्हा उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. भुकेचे वेळापत्रक लावणारी दुनिया तशीच होती.

ती दुनिया कोण चालवते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आहाराच्या व्याख्यानांत येत नाही. 'रात्री सातला जेवा' हा सल्ला ज्याचा दिवस स्वतःच्या हातात आहे त्याच्यासाठी आहे. ऊसतोड कामगार पहाटे तीनला उठतात, भाकऱ्या थापतात आणि अंधारातच फडात पोचतात. कधी खायचे हे मुकादम आणि कारखान्याची गाडी ठरवते. चाकणच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलते, म्हणजे जठरातल्या घड्याळाला दर सोमवारी नवा साहेब. हिंजवडीत अमेरिकेची सकाळ सांभाळणारी मुले रात्री साडेअकराला कँटीनमध्ये बसतात, आणि नंतर दहा मिनिटांत आइस्क्रीम आणून देणारी ॲपे त्यांच्या खिशात असतात. बॉस्टनच्या प्रयोगात सोळा माणसांना मानधन देऊन जे वेळापत्रक पाळायला लावले, तेच इथे लाखो लोक विनामोबदला पाळतात.

आणि घरातही एक माणूस हा प्रयोग रोज करते. बहुतेक मराठी घरांत पोळ्या लाटणारी बाई शेवटी जेवते. आधी सासरे, कारण त्यांच्या गोळ्यांची वेळ. मग मुले, कारण क्लास. मग नवरा, तो आला की. गरम पोळी ताटात पडावी हा आग्रह सगळ्यांचा, तव्याजवळ उभी एकटी ती. तिचे ताट दहा-साडेदहाला वाढले जाते, बहुधा उरलेल्या भाजीचे. स्वयंपाकघरात असताना चव पाहत, उरलेले संपवत तिचे खाणे चालूच असते आणि पोट भरून जेवण म्हणावे असे ते एकदाच, तेही रात्री. तिला सकाळी भूक नसते आणि रात्री प्रचंड असते, यात तिच्या शरीराचा काही दोष नाही. डॉक्टरकडे गेली की तिला विचारतात, 'संध्याकाळी लवकर जेवत का नाही?' हा प्रश्न तिच्याऐवजी घरातल्या बाकीच्या चौघांना विचारायला हवा. पण ते तपासणीच्या खोलीत नसतात.

या बाबतीत दीक्षित आणि दिवेकर या दोघांच्याही अनुयायांची मला एकच तक्रार करायची आहे. किती वेळा खावे यावर ज्या घरांनी एवढे डोके लावले, त्या घरांनी एकाच वेळी सगळ्यांनी बसावे का, पोळ्या आधी करून डब्यात ठेवल्या तर काय बिघडते, ताटे कुणी घ्यावीत, यावर अर्धा ग्रुप-मेसेजही खर्च केला नाही. जेवणाची वेळ पुढे-मागे करण्यातली सगळी अडचण तिथे आहे. आठचे जेवण सातला आणायचे तर सहाला कणीक मळलेली हवी. ती मळणारी सहाला अजून घाटकोपर आणि ठाण्याच्या मध्ये, बदलापूर फास्टच्या दारात उभी असते, आणि घरात त्या वेळी दोन धडधाकट माणसे टीव्हीवर 'लवकर जेवण्याचे फायदे' पाहत बसलेली असतात.